पत्ते, पुराण आणि कादंबरी

ट्रेडिंग कार्ड गेम हा पत्त्यांचा असा खेळ आहे, ज्याचा पूर्ण जोड एकदम विकत मिळत नाही. बंद पाकिटात थोडी पाने येतात आणि ती कोणती हे पाकीट फोडल्यावरच कळते. नको असलेली पाने दुसऱ्याला देऊन हवी ती मिळवायची आणि जमलेल्या पानांतून प्रत्येकाने आपापला जोड बांधायचा, अशी त्याची रीत. या प्रकाराचा पहिला खेळ ‘मॅजिक : द गॅदरिंग’ १९९३ साली अमेरिकेत आला. तो रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचला आणि विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने बाजारात आणला. पहिल्या आवृत्तीत २९५ पाने होती. पुढच्याच वर्षी या खेळावर विल्यम फोर्स्टशेन यांची ‘अरीना’ ही कादंबरी निघाली आणि पत्त्यांमागची कथा सांगणाऱ्या कादंबऱ्यांचा एक स्वतंत्र प्रवाह सुरू झाला. आज तो तीन दशकांचा झाला आहे.

समीक्षेने या प्रवाहाची दखल क्वचितच घेतली. खेळाची विक्री वाढवण्यासाठी लिहिलेले साहित्य, एवढ्यावर त्याची बोळवण होते. हा शेरा पूर्णपणे चुकीचा नसला तरी त्याने मुख्य प्रश्न सुटत नाही. पत्ते खेळायला कथा लागतेच कशाला? आणि लागत असेल, तर ती सांगायला कादंबरीच का हवी? या प्रश्नांचे उत्तर शोधताना महाराष्ट्रातल्याच एका जुन्या खेळाकडे, सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाकडे, पाहावे लागते. तिथे प्रत्येक पानामागे मोठी कथा होती, पण त्यासाठी कोणी कादंबरी लिहिली नाही, कारण तशी गरजच पडली नाही. खेळणाऱ्यांची कथा जिथे आधीपासून सामाईक असते, तिथे पान नुसत्या खुणेवर चालते. ती सामाईक नसेल तर कोणाला तरी बसून लिहावी लागते, आणि लिहिली की ती लिहवून घेणाऱ्याच्या मालकीची होते. पत्त्यांमागच्या कादंबऱ्यांचे बहुतेक गुणदोष या एका गोष्टीतून निघतात.

एका पानावर किती कथा मावते

‘मॅजिक’च्या पानावर नाव असते, ते पान खेळायला किती शक्ती खर्च करावी लागेल याचा आकडा असतो, चित्र असते, प्रकार असतो आणि नियम असतो. जागा उरली तर सर्वांत खाली तिरप्या अक्षरांत एखादी ओळ येते. ती एखाद्या पात्राचे बोलणे असते किंवा काल्पनिक बखरीतला तुकडा. अडीच बाय साडेतीन इंचांत याहून जास्त मावत नाही.

जागेपेक्षाही मोठी अडचण क्रमाची आहे. कथेला आधी-नंतर लागते. कारण आधी, परिणाम मागाहून. पत्ते मात्र पिसलेले असतात. कोणते पान केव्हा हातात येईल हे कोणालाच ठाऊक नसते आणि पहिल्या डावात मेलेला योद्धा दुसऱ्या डावात पुन्हा उभा राहतो. म्हणजे पानांवर माणसे, जागा आणि वस्तू ठेवता येतात, पण घटनांची साखळी आणि त्यांचा शेवट ठेवता येत नाही. मृत्यूला वजन नसणे हे खेळाच्या दृष्टीने सोयीचे आहे आणि कथेच्या दृष्टीने घातक.

त्यामुळे पत्त्यांची कथा बहुधा पत्त्यांबाहेर राहते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या चाळींत आणि सोसायट्यांत मुले पैलवानांची ट्रम्प कार्डे खेळत, तेव्हा पानावर फक्त रँक, उंची, वजन आणि जिंकलेल्या कुस्त्यांचे आकडे असत. कोणाचे कोणाशी वैर आहे आणि कोणी कोणाला दगा दिला हे टीव्हीवरून कळलेले असे. जपानी ‘यू-गि-ओ’मध्ये कथा आधी आली. काझुकी ताकाहाशी यांची चित्रमालिका १९९६ पासून छापून येऊ लागली आणि तिच्यात पात्रे जो पत्त्यांचा खेळ खेळत, तो १९९९ मध्ये कोनामी कंपनीने खराखुरा बाजारात आणला. भारतातल्या मुलांना या खेळांची ओळख झाली तीही मुख्यतः कार्टून मालिकांमधून. सांगायची कथा पत्त्यांच्या आधी आणि बाहेर तयार असेल, तर पत्त्यांना वेगळा कथाकार शोधावा लागत नाही. दशावतारी गंजिफा हे याचे सर्वांत जुने आणि सर्वांत पूर्ण उदाहरण ठरते.

दशावतारी गंजिफा

भारतातला गंजिफाचा सर्वांत परिचित जुना उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात येतो. १५२७ साली त्याने सिंधमधल्या शाह हसनकडे हे पत्ते पाठवल्याची नोंद आहे. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’मध्ये अकबरकालीन जोडाचे वर्णन असून त्यात बारा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा, अशी १४४ पाने आहेत. अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, वनपती, अहिपती ही त्यांतल्या काही रंगांची नावे. पुढे रूढ झालेला मुघल गंजिफा आठ रंगांचा आणि ९६ पानांचा होता. ताज, शमशेर, गुलाम, बरात, किमाश अशा त्याच्या रंगांत राजदरबाराचा कारभार दिसतो: मुकुट, तलवार, चाकरमाणसे, हुकूमनामे, कोठारातला माल. त्यात राज्यव्यवस्था होती, पण सांगण्याजोगे कथानक नव्हते.

दशावतारी गंजिफात रंगांची ही चौकट विष्णूच्या अवतारांना दिली गेली. रंग दहा झाले आणि पाने १२०. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची दहा पाने. पान गोल असते आणि त्यावरच्या खुणेवरून रंग ओळखायचा: मासा म्हणजे मत्स्य, कासव म्हणजे कूर्म, कमंडलू म्हणजे वामन, परशू म्हणजे परशुराम, तलवार म्हणजे कल्की. खेळ तिघांचा, प्रत्येकाला चाळीस पाने. दिवसा खेळ सुरू झाला तर उतारी रामाच्या राजाची आणि रात्री सुरू झाला तर कृष्णाच्या राजाची. अर्ध्या रंगांत मोठा आकडा वरचढ ठरतो आणि उरलेल्या अर्ध्या रंगांत छोटा. डावाची मजा पडून गेलेली पाने लक्षात ठेवण्यात आहे.

मुघल जोडातही नियमांचा सांगाडा जवळपास हाच होता. तिथेही उतारी दिवसा आणि रात्री वेगळी असे आणि तिथेही अर्धे रंग उलट्या क्रमाचे होते. याचा अर्थ नियम तेच ठेवून कथा बदलता येते. आज एकाच खेळाला निरनिराळ्या काल्पनिक जगांचे कपडे चढवले जातात, ती युक्ती या देशात काही शतके जुनी आहे.

सावंतवाडीत हे पत्ते चितारी समाजाच्या कारागिरांनी बनवले. कापडाला चिंचोक्याची खळ लावून थर द्यायचे, गोल कापायचे, रंगवायचे आणि वरून लाखेचा लेप चढवायचा. श्रीमंतांसाठी बारीक कामाचे आणि सामान्यांसाठी ढोबळ कामाचे असे जोड वेगळे असत. युरोपीय धर्तीचे छापील पत्ते स्वस्तात मिळू लागले, तसा हा खेळ घराघरांतून मागे पडला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी कला जाणणाऱ्या वृद्ध कारागिरांकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात तिचे काम पुन्हा उभे केले. मुंबईत दीर्घकाळ राहिलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडेन यांनी देशभरातले जोड जमवून त्यांचा अभ्यास केला. १९८२ चे त्यांचे गंजिफावरील पुस्तक आजही आधारभूत मानले जाते.

कथा सर्वांची असते तेव्हा

या १२० पानांवर कथेची एकही ओळ लिहिलेली नाही. तरीही कासवाची खूण पाहताच खेळणाऱ्याला समुद्रमंथन आठवे आणि कमंडलूवरून बळीचे दान. कथा सांगण्याचे काम बाहेरच्या बाहेर होऊन जाई. कीर्तनकार, पुराणिक, घरातली वडीलधारी माणसे आणि दक्षिण कोकणात विशेषतः दशावतारी नाटक यांनी ती कथा प्रत्येकाच्या कानावर घातलेली असे.

दशावतारी नाटकाची घडण इथे मुद्दाम पाहण्यासारखी आहे. सुरुवातीच्या आडदशावतारात गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव, संकासुर आणि विष्णू अशी ठरलेली सोंगे येतात. त्यानंतर आख्यान लागते. आख्यानाचा सांगाडा नटांना ठाऊक असतो, पण संवाद लिहिलेले नसतात. रंगमंचावर उभे राहून ते सुचतील तसे बोलायचे. देव कोण, असुर कोण आणि शेवट काय हे पक्के, बाकी सगळे त्या रात्रीचे. पत्त्यांच्या डावातही तीच मोकळीक आहे. सिंधुदुर्गातून मुंबई, ठाणे, कल्याण, डोंबिवलीत येऊन राहिलेल्या चाकरमान्यांनी हे नाटक आपल्याबरोबर शहरात आणले आणि आजही या पट्ट्यात त्याचे प्रयोग लागतात. कुडाळजवळच्या पिंगुळीतली ठाकर समाजाची चित्रकथी परंपराही याच प्रदेशातली. तिथे चित्रांचे सुटे कागद एकामागून एक दाखवत आख्यान गायले जाते आणि अशा एका आख्यानाच्या चित्रसंचाला पोथी म्हणतात. सुट्या चित्रांना क्रम लागतो तो सांगणाऱ्याच्या तोंडून.

सामाईक कथेचा दुसरा गुण म्हणजे ती बदलायला कोणाची परवानगी लागत नाही. नववा अवतार हे त्याचे ठळक उदाहरण. बुद्धाच्या जागी ओडिशाकडे जगन्नाथ येतो, काही याद्यांत बलराम येतो आणि महाराष्ट्रात दशावताराच्या चित्रांत तिथे विठ्ठल दाखवण्याचीही परंपरा आहे. ओडिशात तर रामायणावर आधारलेला, रामपक्ष आणि रावणपक्ष असे रंग वाटून दिलेला गंजपाही खेळला जाई. अधिकृत आवृत्ती कोणती, हा प्रश्नच तिथे निघत नव्हता.

याउलट म्हैसूरचे तिसरे कृष्णराज वडियार यांनी एकोणिसाव्या शतकात आपल्या कल्पनेने पत्त्यांचे अनेक खेळ रचले आणि त्यांचे वर्णन ‘श्रीतत्त्वनिधी’ या ग्रंथात करून ठेवले. त्यांतला सर्वांत मोठा जोड ३६० पानांचा होता. देवदेवता, ग्रह, राशी असा भरगच्च पसारा त्यात होता आणि पाठीशी राजाश्रय होता. तरीही हे खेळ राजवाड्याबाहेर फारसे रुजले नाहीत. पुराणातली सामग्री सर्वांच्या ओळखीची असली तरी तिची ती विशिष्ट मांडणी एकट्या राजाच्या डोक्यातली होती, आणि ती लोकांपर्यंत नेणारे दुसरे कोणी नव्हते.

कथा कंपनीची होते तेव्हा

‘मॅजिक’ची सुरुवात गंजिफाच्या वाटेनेच झाली होती. पहिल्या संचातल्या पानांवर शेक्सपिअर, कोलरिज अशा इंग्रजी लेखकांच्या ओळी छापलेल्या आढळतात. डिसेंबर १९९३ मध्ये आलेला पहिला जोडसंच ‘अरेबियन नाइट्स’ या नावाचा होता. त्यात अल्लादीन होता, सिंदबाद होता आणि शहरजादही होती. याच कथा एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ म्हणून मराठीत आणायला घेतल्या होत्या. त्यांच्यावर कोणाचाच हक्क नव्हता, म्हणून त्या कोणीही वापराव्यात.

धंद्याच्या दृष्टीने दोष नेमका तिथे होता. अल्लादीन उद्या दुसरी कंपनीही छापू शकते. स्वतः रचलेले पात्र मात्र फक्त आपले राहते. त्याच्या बाहुल्या, चित्रपट, संगणकीय खेळ यांचे हक्कही आपलेच. मार्च १९९४ च्या ‘अँटिक्विटीज’ या संचापासून ‘मॅजिक’ने स्वतःची पुराणकथा रचायला घेतली. उर्झा आणि मिश्रा हे दोन भाऊ, त्यांची यंत्रे आणि त्यांचे युद्ध. सलग कथा मात्र त्या संचात नव्हती, पानांवर तुटक ओळी विखुरलेल्या होत्या. पानांची नावे होती ‘उर्झाचा मनोरा’, ‘मिश्राची कार्यशाळा’, ‘ॲशनॉडची वेदी’, ‘टॉनोसची शवपेटी’. नावावरून वस्तू कोणाची एवढेच कळे. तो माणूस कोण, हे बरेचसे वाचणाऱ्याने ताडायचे.

या पात्रांना कीर्तनकार नव्हते, नाटकमंडळी नव्हत्या, आजीच्या गोष्टी नव्हत्या. हजारो अनोळखी खेळाडूंना उर्झा कोण हे सांगायचे, तर पुस्तक छापणे हा एक सरळ मार्ग होता. गंजिफात अख्ख्या समाजाने पार पाडलेले काम इथे पगारी लेखकावर आले. मार्गही नवा नव्हता. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळावर मार्गारेट वाईस आणि ट्रेसी हिकमन यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली ‘ड्रॅगनलान्स’ कादंबरीमाला तेव्हा गाजलेली होती.

मालकीमुळे कथेत काय काय घडू शकते, याचे एक उदाहरण भारताशी संबंधित आहे. २०१६ मध्ये ‘मॅजिक’ने ‘कलादेश’ नावाचे जग आणले. भारतीय नक्षीकाम, वेशभूषा आणि संशोधकांचे मेळे यांवर ते बेतलेले होते. काही वर्षांनी कंपनीला ते नाव अनुचित वाटले आणि २०२५ च्या संचात तेच जग ‘अविष्कार’ या नावाने आले. कथेत कारण असे दिले गेले की क्रांतीनंतर तिथल्या लोकांनीच नाव बदलले. निर्णय कंपनीच्या कचेरीत झाला आणि इतिहास त्याला साजेसा रचला गेला. विठ्ठलाला नवव्या अवताराच्या जागी बसवताना असा एकतर्फी निर्णय कोणी घेतला नव्हता. तो बदल अनेक पिढ्यांच्या हातून होत गेला.

तीन तऱ्हेच्या कादंबऱ्या

या कादंबऱ्यांच्या स्थूलमानाने तीन तऱ्हा करता येतात. पहिली तऱ्हा खेळाचीच गोष्ट सांगणाऱ्यांची. ‘अरीना’त जादूगार उत्सवाच्या मैदानात एकमेकांशी झुंजतात आणि हरणाऱ्याला आपली एक जादू जिंकणाऱ्याला द्यावी लागते. सुरुवातीच्या ‘मॅजिक’मध्ये प्रत्येक खेळाडूने एक पान पणाला लावण्याचा नियम होता, त्याचेच हे कथारूप. वाचकाला ओळखीची गंमत मिळते, पण कथेला खेळापलीकडचे असे थोडेच सांगायचे असते. हार्परप्रिझम या प्रकाशनाने काढलेल्या या काळातल्या कादंबऱ्यांत एक कूपन असे आणि ते पाठवल्यावर दुकानात न मिळणारे पान टपालाने येई. त्यांतले ‘माना क्रिप्ट’ हे पान पुढे अतिशय मोलाचे ठरले. पानाच्या लोभाने पुस्तक घेण्याची सोय प्रकाशकानेच करून ठेवली होती.

दुसरी तऱ्हा पानांकडे पुरावा म्हणून पाहणाऱ्यांची. जेफ ग्रब यांची ‘द ब्रदर्स वॉर’ (१९९८) तिचा उत्तम नमुना आहे. चार वर्षांपूर्वीच्या पानांवर वस्तूंची नावे आणि तुटक ओळी होत्या. ग्रब यांनी एखाद्या इतिहासकाराने ताम्रपट आणि नाणी जुळवावीत तशी ती जुळवली आणि त्यांतून दोन भावांचे आयुष्य उभे केले. टोकेशिया या संशोधक स्त्रीकडे उत्खनन शिकणारी दोन मुले, सापडलेल्या शक्तिमान रत्नाचे दोन तुकडे, एकेकाकडे एकेक, आणि त्यावरून वाढत गेलेले वैर. कादंबरीत अनेक दशके जातात. भाऊ म्हातारे होतात, यंत्रांसाठी जंगले आणि खाणी संपतात, राज्ये मोडतात आणि अखेरच्या स्फोटानंतर अवघे हवामान पालटते. मराठी वाचकाला हा विषय परका नाही. भाऊबंदकीने घर आणि राज्य कसे बुडते हे त्याने महाभारतात आणि पेशवाईच्या इतिहासात वाचलेले असते. इथली ताकद मात्र विषयापेक्षा काळाच्या हाताळणीत आहे. डावात जे कधीच येऊ शकत नाही ते, म्हणजे वय, थकवा, न फिरणारा निर्णय आणि कायमचा मृत्यू, हे सगळे कादंबरीने आणले. २०२२ मध्ये कंपनीने याच नावाचा संच काढला तेव्हा पानांनी कादंबरीतले प्रसंग घेतले. १९९४ च्या पानांवरून कादंबरी आणि कादंबरीवरून नवी पाने, असा हा अठ्ठावीस वर्षांचा फेरा आहे.

तिसरी तऱ्हा संचाच्या प्रकाशनाला बांधलेल्या कादंबऱ्यांची. ग्रेग वाईसमन यांची ‘वॉर ऑफ द स्पार्क : रॅवनिका’ एप्रिल २०१९ मध्ये त्याच नावाच्या संचाबरोबर आली आणि ‘फॉर्सेकन’ हा पुढचा भाग त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये. संचात छत्तीस प्रमुख जादूगार होते आणि ते सगळे कथेत हजर करणे भाग होते. हजेरी लागली, पण बहुतेकांना काही करायला उरले नाही. दुसऱ्या भागात चंद्रा आणि निसा या दोन नायिकांचे वर्षानुवर्षे उमलत आलेले नाते काही वाक्यांत झटकून टाकले गेले, तेव्हा वाचकांनी तीव्र नापसंती दाखवली. जानेवारी २०२० च्या थेरॉस संचासोबत सविस्तर कथा आलीच नाही. एका सारांशावर भागवण्यात आले.

या तीन तऱ्हांबाहेरचा एक प्रयोगही नोंदवायला हवा. १९९५ मध्ये आलेल्या ‘लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज’ या खेळात मोठ्या स्पर्धा कोणत्या कुळाचे खेळाडू जिंकतात, त्यावर कथेची पुढची दिशा ठरत असे. खेळातल्या काल्पनिक साम्राज्याचे भवितव्य खेळाडूंच्या डावांवर सोपवले होते. २००० पासून आलेल्या ‘क्लॅन वॉर’ कादंबरीमालेने त्या साम्राज्यातल्या कुळांच्या युद्धाला गद्यरूप दिले. कथा पुन्हा सामाईक करण्याचा हा प्रयत्न होता. पण हक्क कंपनीचेच राहिले. खेळ दुसऱ्या कंपनीकडे गेला, २०१७ मध्ये कथा नव्याने सुरू झाली आणि खेळाडूंनी वीस वर्षे घडवलेला इतिहास बाजूला पडला.

दोन आक्षेप

या साहित्यावरचा पहिला आक्षेप असा की ते मागणीवरून, ठरलेल्या मुदतीत आणि दुसऱ्याच्या पात्रांवर लिहिले जाते, म्हणून ते खरे साहित्य नव्हे. मुदतीचा मुद्दा टिकणारा नाही. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत होती. अंक वेळेवर काढायचा, म्हणून प्रकरणही वेळेवर लिहावे लागे. दुसऱ्याच्या पात्रांचा मुद्दाही तसाच. कर्णावर किंवा ययातीवर लिहिणाऱ्या मराठी कादंबरीकारांनी पात्रे घडवलेली नव्हती, घेतलेली होती. फरक पडतो तो वेगळ्या ठिकाणी. वि. स. खांडेकरांना ययातीचा अर्थ स्वतःच्या मताने लावता आला. महाभारताच्या वतीने त्यांना अडवणारे कोणी नव्हते. पत्त्यांच्या कादंबरीकाराला पात्राचा शेवट बदलायचा असेल, तर पुढच्या संचाचे नियोजन विचारावे लागते. ग्रब यांना मोकळीक मिळाली, कारण त्यांचा विषय खेळाच्या वर्तमानापासून हजारो काल्पनिक वर्षे मागे होता. वाईसमन यांच्या वाट्याला चालू हंगाम आला.

दुसरा आक्षेप अद्भुताला आहे. जादू, राक्षस आणि मंतरलेली रत्ने यांत गंभीर वाचकाने काय पाहावे? मराठी कादंबरीच्या बालपणात हा वाद होऊन गेला आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ मध्ये. चमत्कार, योगायोग आणि अचाट साहसे यांनी भरलेल्या या कादंबऱ्यांना वाचक लाभला. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ च्या आपल्या निबंधात कादंबरी आणि नाटक या प्रकारांची तपासणी केली, वि. का. राजवाडे यांनी १९०२ मध्ये ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत आणि वास्तव या दोन्ही वाटांचा विचार केला. तोवर हरिभाऊ आपट्यांनी वास्तवाची बाजू भक्कम केली होती. त्यानंतर अद्भुत कथा संपली नाही, तिची जागा बदलली. ती नाथमाधवांच्या ‘वीरधवल’मध्ये राहिली, १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या ‘चांदोबा’त राहिली आणि नारायण धारपांच्या पुस्तकांत राहिली. प्रतिष्ठित समीक्षेने तिला मुलांच्या किंवा फावल्या वेळच्या वाचनाच्या खान्यात टाकले.

ग्रंथालयांनी मात्र हा भेद कधी फारसा पाळला नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली स्थापन झाले, ‘मुक्तामाले’नंतर तीन वर्षांनी आणि ‘मंजुघोषे’च्या चार वर्षे आधी. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. अशा संस्थांचे वाचक अद्भुत कादंबरीपासून ‘पण लक्षात कोण घेतो’पर्यंत आणि तिथून रहस्यकथेपर्यंत मोकळेपणाने वावरत आले आहेत. २०१७ मध्ये नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले, ते या वाचनसंस्कृतीच्या बळावर. पत्त्यांच्या कादंबऱ्यांचा वाचक या भागात निघालाच, तर तो कोठल्या पोकळीतून येणार नाही. त्याची पूर्वपरंपरा इथल्या कपाटांत आहे.

मराठीतील शक्यता

गंजिफाची आजची अवस्था पाहता उलटा प्रश्न विचारता येतो. या पत्त्यांची कथा सर्वांना ठाऊक होती, तरी खेळ टिकला नाही, असे का? कारण कथा ठाऊक असणे आणि डाव खेळता येणे या दोन निराळ्या विद्या आहेत. दशावताराची कथा कीर्तनाने आणि नाटकाने जिवंत ठेवली, पण उतारी कोणाची आणि कोणत्या रंगात एक्का वरचढ, हे फक्त खेळणारेच पुढच्यांना शिकवू शकत होते. ते कमी होत गेले, तसे पत्ते भिंतीवर आणि भेटवस्तूंच्या पेटीत गेले. सावंतवाडीतल्या पुनरुज्जीवनाने कारागिरी वाचवली. खेळ त्या प्रमाणात परतला नाही.

इथे कादंबरी उपयोगी पडू शकते, पण अवतारांच्या कथा पुन्हा सांगून नव्हे. त्या सांगणारे पुष्कळ आहेत. गंजिफात न सांगितलेले आहे ते नियमांत. प्रत्येक अवताराला एक प्रधान आहे, पण पुराणात मत्स्याचा किंवा कूर्माचा प्रधान कोण हे ठळकपणे कोठेच येत नाही. अर्ध्या राज्यांत थोरला आकडा मोठा आणि अर्ध्यांत धाकटा, ही उलटापालट एखाद्या जगाचा कायदा म्हणून कल्पिली तर त्यातून संघर्ष उभा राहतो. दिवसा रामाची आणि रात्री कृष्णाची सत्ता असलेल्या राज्यात संधिकाली काय होते, हा कादंबरीचा प्रश्न आहे. ‘द ब्रदर्स वॉर’ने नावांतून आणि तुटक ओळींतून जे काढले, ते इथे नुसत्या नियमांतून काढता येण्याजोगे आहे. शिवाय अशी कादंबरी वाचणाऱ्याला खेळाचे नियम आपोआप समजतील. कीर्तनाला आणि नाटकाला जे कधी करावे लागले नाही ते काम त्यामुळे होईल.

मराठी लेखकाला यात एक मोठी सोय आहे आणि एक धोका. सोय अशी की दशावतारी गंजिफावर कोणा कंपनीचा हक्क नाही. पात्राचा शेवट ठरवताना कोणाचे वेळापत्रक पाहावे लागत नाही आणि एकाच विषयावर दहा लेखकांनी दहा परस्परविरोधी कादंबऱ्या लिहिल्या तरी त्यांतली कोणतीही अनधिकृत ठरत नाही. धोका असा की पात्रे देवांची आहेत. उर्झाला क्रूर आणि अहंकारी रंगवले तर कोणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही. अवताराबाबत ती मोकळीक गृहीत धरता येत नाही. म्हणून प्रधान, दुय्यम पाने आणि नियम यांच्याकडे वळणे हा कलेच्या दृष्टीने चांगला आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचा मार्ग ठरतो. दशावतारी नाटकानेही आख्यान रचताना राजे, प्रधान, ऋषी आणि राक्षस यांनाच बोलायला भरपूर वाव दिला आहे.

पत्त्यांमागच्या कादंबरीचे मूल्यमापन करताना मग तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पानांवर न मावणारे काही तिने दिले का, विशेषतः काळ आणि न फिरणारा परिणाम? पात्रांचा शेवट ठरवण्याचा अधिकार लेखकाकडे किती होता? आणि पुस्तक मिटल्यावर वाचक त्या जगात स्वतःची भर घालू शकतो का? पहिल्या कसोटीवर ‘द ब्रदर्स वॉर’ उतरते आणि ‘फॉर्सेकन’ पडते. दुसरीवर बहुतेक कादंबऱ्या अडखळतात, कारण अधिकार कराराने बांधलेला असतो. तिसऱ्या कसोटीवर कंपनीच्या मालकीचे कोणतेही जग दशावताराच्या पातळीला पोचलेले नाही. कादंबरीने समाजाच्या कथाकथनाची जागा काही प्रमाणात भरून काढली. कथा बदलण्याचा समाजाचा हक्क मात्र तिला वाचकांना देता आला नाही, आणि मालकीची सध्याची रीत कायम आहे तोवर तो देता येणारही नाही.